माडापेक्षा उंच काय? मालवणपासून ओमाहापर्यंत, शहराची क्षितिजरेषा ठरवतं कोण?

रील्स बघताना एक प्रकार हमखास समोर येतो. दोन शहरांचे फोटो शेजारी शेजारी लावलेले असतात आणि खाली प्रश्न असतो, 'कुठली स्कायलाइन भारी?' न्यूयॉर्क आणि दुबई तर असतातच, पण हल्ली ओमाहा, टल्सा, डे मॉइन अशी आपण कधी नावही न ऐकलेली अमेरिकेतली मधल्या आकाराची शहरंही या स्पर्धेत उतरवली जातात. लोक कमेंटमध्ये तावातावाने भांडतात.

आता हाच खेळ आपल्याकडे खेळायचा ठरवला तर? मालवण विरुद्ध वेंगुर्ला, सावंतवाडी विरुद्ध कुडाळ. ऐकायला गंमत वाटेल, कारण यातल्या एकाही गावात गगनचुंबी इमारत नाही. पण क्षितिजरेषा प्रत्येक गावाला असते आणि ती कशी तयार झाली हे बघितलं की त्या गावाचा पैसा, पाऊस, दगड, कायदा आणि जमिनीची भांडणं असं सगळंच दिसायला लागतं.

सिंधुदुर्गातल्या शहरांची ही रेषा आज बदलतेय. कशी आणि कशामुळे, ते समजून घेऊ.

स्कायलाइन म्हणजे नेमकं काय?

लांबून बघितल्यावर शहर आणि आकाश जिथे भेटतात ती वेडीवाकडी रेघ म्हणजे स्कायलाइन. मराठीत आपण तिला क्षितिजरेषा म्हणू.

ही कल्पना लोकप्रिय झाली ती अमेरिकेतल्या उंच इमारतींमुळे. शिकागोमध्ये १८८५ साली होम इन्शुरन्स बिल्डिंग ही दहा मजली इमारत उभी राहिली. भिंतींऐवजी धातूच्या सांगाड्यावर इमारत तोलायची ही पद्धत आणि जोडीला लिफ्ट, या दोन गोष्टी जमल्या आणि मजले चढत गेले. त्याआधी जगातल्या बहुतेक शहरांत सर्वात उंच असायचं ते देऊळ, मशिदीचा मिनार, चर्चचा मनोरा किंवा किल्ल्याचा बुरूज.

म्हणजे शहरातली सर्वात उंच गोष्ट कुठली, यावरून त्या शहरात सर्वात मोठं कोण हे कळायचं. आधी देव आणि राजा होते, नंतर बँक आणि विमा कंपनी आली.

अमेरिकेतली मधली शहरं उंच का?

ओमाहाची लोकसंख्या २०२० मध्ये साधारण ४ लाख ८६ हजार होती. आपल्या कोल्हापूर शहराची २०११ मध्येच ५ लाख ४९ हजार होती. म्हणजे ओमाहा कोल्हापूरपेक्षा लहान. तरी तिथे २००२ साली बांधलेला फर्स्ट नॅशनल बँक टॉवर ४५ मजली आणि १९३ मीटर उंच आहे.

डे मॉइन हे त्याहूनही छोटं, सव्वादोन लाखांच्या आतलं. पण ते विमा कंपन्यांचं शहर, आणि तिथली १९९१ सालची ८०१ ग्रँड ही इमारत १९२ मीटरची. टल्सामध्ये तेलाचा पैसा खेळला, तिथला बीओके टॉवर १९७६ सालचा, २०३ मीटर.

या शहरांकडे जमिनीची कमतरता नव्हती. चहूबाजूंना सपाट माळ पडलेला आहे. पण शहराच्या मधोमध आपली ओळख दिसावी म्हणून कंपन्यांनी उंच मनोरे बांधले. म्हणूनच या शहरांच्या फोटोत मध्ये चार-सहा मनोरे आणि भोवती मैलोनमैल बैठी घरं असं चित्र दिसतं.

पण त्याच देशात उलटी उदाहरणंही आहेत. विस्कॉन्सिन राज्याची राजधानी मॅडिसन. तिथे विधानभवनाच्या एक मैलाच्या परिघात कुठलीही इमारत त्याच्या घुमटाच्या खांबांच्या पायथ्यापेक्षा उंच जाऊ शकत नाही, असा कायदाच आहे. राजधानी वॉशिंग्टनमध्ये १९१० पासून इमारतीची उंची समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरते. रस्त्याची रुंदी अधिक २० फूट, असा साधा हिशोब. त्यालाही वरची मर्यादा आहेच.

म्हणजे एकाच देशात काही शहरांची रेषा पैशाने काढली, तर काहींची लोकांनी ठरवून, कायदा करून राखली. आता आपल्याकडे येऊ.

मालवण: बोटीतून दिसणारी रेघ

मालवणची क्षितिजरेषा बघायची खरी जागा रस्त्यावर नाही, पाण्यात आहे. जेटीवरून सिंधुदुर्ग किल्ल्याकडे जाणाऱ्या बोटीत बसायचं आणि मागे वळून बघायचं.

खाली वाळूची पट्टी, त्यावर होड्या. मग कौलांचे उतार आणि मधे मधे स्लॅबची घरं. आणि या सगळ्याच्या डोक्यावर माडांची सलग हिरवी झालर. गावाची वरची रेघ काढलीय ती माडांनी.

दुसऱ्या बाजूला किल्ला. कुरटे बेटावर २५ नोव्हेंबर १६६४ रोजी त्याचं काम सुरू झालं आणि तीनेक वर्षांत तो उभा राहिला. सुमारे ४८ एकरांचं बेट आणि त्याभोवती साधारण तीन किलोमीटरचा वळणावळणाचा तट. तटाची उंची सुमारे ३० फूट, म्हणजे ९ मीटरच्या आसपास. हा ९ मीटरचा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आणि तिसरी खूण अगदी अलीकडची. किल्ल्याच्या समोर, शहराच्या किनाऱ्यावर राजकोट किल्ला आहे. तिथे ४ डिसेंबर २०२३ रोजी नौदल दिनाच्या निमित्ताने शिवाजी महाराजांच्या ३५ फुटी पुतळ्याचं अनावरण झालं. २६ ऑगस्ट २०२४ रोजी तो कोसळला. त्याजागी मे २०२५ मध्ये नवा पुतळा उभा राहिला. तो ६० फुटांचा आहे आणि हातातली तलवार धरून ८३ फुटांचा. मीटरमध्ये सांगायचं तर २५ मीटरच्या वर.

बाणवली जातीचा पूर्ण वाढलेला माड सहज २० मीटरपर्यंत जातो, काही त्याहूनही उंच. म्हणजे मालवणच्या किनाऱ्यावर माडांच्या रेघेवर डोकं काढणारी एक नवी खूण आता आहे आणि ती कुठल्या बँकेची किंवा बिल्डरची नाही.

किती लांबून काय दिसतं?

पृथ्वी गोल असल्यामुळे लांबची वस्तू क्षितिजाखाली बुडते. साधं सूत्र आहे: उंची मीटरमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढा आणि ३.५७ ने गुणा. उत्तर किलोमीटरमध्ये येतं. बोटीत बसलेल्या माणसाचे डोळे पाण्यापासून दोन मीटरवर धरले, तर हवा स्वच्छ असताना साधारण असं गणित बसतं:

- ९ मीटरचा तट: सुमारे १६ किलोमीटरवरून
- २० मीटरचा माड: सुमारे २१ किलोमीटरवरून
- २५ मीटरची तलवारीची टोक-उंची: सुमारे २३ किलोमीटरवरून
- ओमाहाचा १९३ मीटरचा टॉवर मालवणात असता तर: सुमारे ५५ किलोमीटरवरून

हा नुसता आकड्यांचा खेळ नाही. जीपीएस येण्याआधी मासेमारी करणारे लोक किनाऱ्यावरच्या खुणांवरून समुद्रातली जागा ओळखायचे. देवळाचा कळस आणि मागच्या डोंगराचं टोक एका रेषेत आलं, की आपण कुठे आहोत ते कळायचं. त्यांच्यासाठी क्षितिजरेषा म्हणजे नकाशाच होता.

जिल्ह्यातली बाकीची शहरं

एकाच जिल्ह्यात, तासा-दोन तासांच्या अंतरावर रेषा किती बदलते बघा.

वेंगुर्ला: बंदराचं गाव. डोंगर थेट समुद्रापर्यंत उतरतो, त्यामुळे इथे रेषा ठरवतो तो डोंगर आणि त्यावरचं दीपगृह. गावात सतराव्या शतकातली डच वखार आहे. एकेकाळी व्यापाराचं मोठं ठाणं असलेली ही वास्तू आज पडक्या अवस्थेत आहे.

सावंतवाडी: हे संस्थानचं शहर, समुद्रापासून आत. इथली रेषा मोती तलावाच्या पाण्यात दिसते. काठावर राजवाडा, भोवती बाजारपेठ आणि मागे नरेंद्र डोंगर. तलावामुळे शहराच्या मधोमध मोकळी जागा राहिली आहे, त्यामुळे सावंतवाडी 'लांबून' बघता येते. जिल्ह्यातल्या फार कमी शहरांना ही सोय आहे.

देवगड: खाडीच्या तोंडावर किल्ला, किल्ल्यात दीपगृह, सड्यावर पवनचक्क्या आणि खाली आंब्याच्या बागा. इथे उभ्या रेषा आहेत, पण त्या घरांच्या नाहीत. तालुक्यातल्या कुणकेश्वरला समुद्राच्या अगदी काठावर देवळाचं शिखर उभं आहे.

कणकवली: मुंबई-गोवा महामार्गावरचं शहर. इथली ठळक रेघ आडवी आहे, शहराच्या मधून गेलेला चौपदरी रस्त्याचा उड्डाणपूल. आधी बाजारपेठेतून जाणारी गाडी आता बाजारपेठेच्या डोक्यावरून जाते.

कुडाळ: महामार्ग, कोकण रेल्वेचं स्टेशन, एमआयडीसी आणि शेजारी ओरोसला जिल्ह्याचं मुख्यालय. अपार्टमेंटचे ठोकळे, पाण्याच्या टाक्या आणि मोबाइल टॉवर. आपल्या जिल्ह्यात 'शहरी' म्हणावी अशी रेषा कुठे तयार होतेय, तर ती महामार्गाच्या या पट्ट्यात.

एक गोष्ट लक्षात आली का? समुद्रकाठची गावं ठेंगणी आहेत आणि महामार्गाकाठची वाढतायत. मुंबईत उलटं आहे, तिथे समुद्र दिसणारा फ्लॅट सर्वात महाग, म्हणून समुद्राकडेच मनोरे. मग सिंधुदुर्गात असं का झालं?

शहरं ठेंगणी राहिली त्याची पाच कारणं

१. पाऊस आणि चिरा
इथे वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो. त्यामुळे घराला उतरतं छप्पर हवंच. पूर्वी गवताने शाकारायचे, नंतर मंगलोरी कौलं आली. भिंती जांभ्या दगडाच्या, म्हणजे चिऱ्यांच्या. चिरा खाणीतून काढताना मऊ असतो, म्हणून त्याचे हवे तसे ठोकळे करता येतात आणि हवा लागली की तो कठीण होतो. पण चिऱ्याच्या भिंतीवर भार पेलायचा तर एक-दोन मजले ठीक. त्याहून वर जायचं तर काँक्रीटचा सांगाडा लागतो.

२. खारं वारं
काँक्रीट आलं, पण समुद्राची खारी हवा आतल्या लोखंडी सळईला गंजवते. सळई गंजली की फुगते आणि काँक्रीटला तडे जातात. म्हणून भारतीय मानक आयएस ४५६ मध्ये किनाऱ्यावरच्या हवेत उघड्या असणाऱ्या काँक्रीटसाठी जास्त कडक नियम आहेत. किमान एम-३० दर्जाचं काँक्रीट आणि सळईवर ४५ मिलिमीटरचं आवरण. म्हणजे किनाऱ्यावर उंच बांधणं आतल्या भागापेक्षा महाग आणि निगा राखणं त्याहून महाग. राजकोटचा पहिला पुतळा पडण्याच्या काही दिवस आधी त्याचे नट-बोल्ट गंजल्याचं सार्वजनिक बांधकाम विभागाने पत्राने कळवलं होतं. खाऱ्या वाऱ्यात उंच गोष्ट उभी करणं आणि ती टिकवणं ही दोन वेगळी कामं आहेत.

३. सातबारा
कोकणातल्या जमिनीच्या सातबाऱ्यावर किती नावं असतात हे कुणा कोकणी माणसाला सांगायला नको. आजोबांची जमीन, चार भाऊ, त्यांची मुलं, त्यातले निम्मे मुंबईत, एखादी आत्या बडोद्याला. सगळ्यांच्या सह्या मिळाल्याशिवाय मोठं बांधकाम होत नाही. कितीतरी घरं केवळ याच कारणाने तशीच राहिली, काही राखली गेली आणि काही कोसळली.

४. माणसंच कमी झाली
२००१ मध्ये जिल्ह्याची लोकसंख्या ८,६८,८२५ होती. २०११ मध्ये ती ८,४९,६५१ झाली. म्हणजे दहा वर्षांत १९ हजारांनी घट. चाकरमानी मुंबईला गेला, घराला कुलूप लागलं आणि ते गणपतीत, शिमग्याला नाहीतर मे महिन्यात उघडायला लागलं. राहायला माणूस नसेल तर मजले कुणासाठी चढवायचे?

यातली गंमत अशी, की याच चाकरमान्याने मुंबईची क्षितिजरेषा बदलताना बघितली. तो लालबाग-परळला आला तेव्हा तिथे गिरण्यांची धुराडी होती. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या आणि त्यांच्या जमिनींवर टॉवर उभे राहिले. लोअर परळच्या श्रीनिवास मिलच्या जागेवर आज सुमारे २८० मीटरचा निवासी मनोरा उभा आहे. गिरणगावातली रेषा इतकी उंच गेली, पण तिथले बहुतेक गिरणी कामगार त्या इमारतींमध्ये राहायला गेले नाहीत.

५. सीआरझेड
आणि पाचवं कारण कायद्याचं. हे जरा सविस्तर बघू.

सीआरझेड सोप्या भाषेत

सीआरझेड म्हणजे किनारपट्टी नियमन क्षेत्र. याची पहिली अधिसूचना १९९१ साली आली, मग २०११ आणि २०१९ मध्ये नवी आली. समुद्राच्या भरतीरेषेपासून जमिनीकडे ५०० मीटरपर्यंतचा पट्टा यात येतो. खाड्यांनाही हे नियम लागतात, फक्त पट्टा अरुंद असतो.

सगळीकडे एकच नियम नाही. ढोबळमानाने असं समजा:

- खारफुटी, कासवांची अंडी घालण्याची जागा, प्रवाळ असे नाजूक भाग: सीआरझेड-१. इथे जवळपास बंदीच.
- नगरपालिका हद्दीतला आधीच दाट बांधलेला भाग: सीआरझेड-२. इथे आधीच्या अधिकृत रस्त्याच्या किंवा बांधकामाच्या जमिनीकडच्या बाजूला परवानगी मिळू शकते.
- गावं आणि कमी बांधलेला भाग: सीआरझेड-३. इथे भरतीरेषेजवळ बांधकामाला मनाई. ज्या गावांत २०११ च्या जनगणनेनुसार लोकवस्तीची घनता दर चौरस किलोमीटरला २,१६१ पेक्षा जास्त आहे तिथे ५० मीटरपर्यंत, बाकी ठिकाणी २०० मीटरपर्यंत.

या सीआरझेड-३ मध्ये, मनाईच्या पट्ट्याच्या मागे, घर बांधायला परवानगी मिळाली तरी त्याची उंची ९ मीटरपेक्षा जास्त नको आणि तळमजला अधिक एकच मजला, अशी अट आहे.

९ मीटर म्हणजे साडेएकोणतीस फूट. सिंधुदुर्गच्या तटाची उंचीही सुमारे तेवढीच. हा योगायोग आहे, पण त्यामुळे किनाऱ्यावरच्या गावांतली घरं आजही साधारण किल्ल्याच्या तटाएवढीच उंच राहिली.

मालवणला आणखी एक पदर आहे. १९८७ मध्ये इथे सागरी अभयारण्य जाहीर झालं, सुमारे २९ चौरस किलोमीटरचं. २०११ च्या अधिसूचनेत मालवणची नोंद देशातल्या अतिसंवेदनशील किनारी भागांमध्ये केली गेली.

पण एक मुद्दा नीट समजून घ्यायला हवा. सीआरझेड हा कायदा दृश्य राखण्यासाठी केलेला नाही. त्याचा हेतू किनाऱ्याचं पर्यावरण, मच्छीमारांचा हक्क आणि लाटा-वादळांपासून बचाव हा आहे. ठेंगणी क्षितिजरेषा हा त्याचा उपफायदा. मॅडिसनच्या लोकांनी आपली रेषा ठरवून राखली. आपली रेषा पाऊस, चिरा, खारं वारं, सातबारा, स्थलांतर आणि सीआरझेड यांच्या बेरजेतून आपोआप राहिली. ती राखायची असं कुणी कधी ठरवलंच नव्हतं.

मग आता काय बदलतंय?

बेरजेतली जवळपास प्रत्येक गोष्ट.

चिऱ्याची जागा काँक्रीटने घेतली. गळकी कौलं काढून लोक स्लॅब घालतात आणि स्लॅब पावसात गळू नये म्हणून त्यावर पुन्हा पत्र्याची शेड उभी करतात. ही निळी, लाल, हिरवी शेड आज कोकणातल्या क्षितिजरेषेतली सर्वात वेगाने वाढणारी गोष्ट असावी. तिच्याबद्दल कुणी बोलत नाही, कारण ती एकेकाने, गरजेपोटी उभारलेली असते.

पर्यटन वाढलं. सिंधुदुर्ग १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. ९ ऑक्टोबर २०२१ रोजी चिपी विमानतळ सुरू झाला. तारकर्ली-देवबागच्या पट्ट्यात घरोघरी खोल्या वाढल्या. महामार्ग रुंद झाल्याने मुंबई-पुण्याच्या लोकांना 'सेकंड होम' घ्यायला कुडाळ, सावंतवाडी जवळ वाटू लागलं. विमानतळाने एक उलटी गोष्टही आणली: विमानतळाच्या आसपास ठरावीक उंचीच्या वर बांधायचं तर विमानतळ प्राधिकरणाची परवानगी लागते.

नियमही सैल झाले. २०१९ पर्यंत सीआरझेड-२ मध्ये एफएसआय जुन्याच पातळीवर गोठवलेला होता. एफएसआय म्हणजे प्लॉटच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येईल ते प्रमाण. २०१९ च्या अधिसूचनेने ही गोठवणूक काढली. शिवाय डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने मुंबई आणि काही अपवाद सोडून राज्यभरासाठी एकच विकास नियमावली आणली. तिचं ढोबळ सूत्र असं, की समोरचा रस्ता जितका रुंद, तितकं जास्त बांधकाम. रुंद रस्ते कुठे आहेत? महामार्गाच्या पट्ट्यात. म्हणून तिथे मजले चढतायत.

एक मजला साधारण तीन मीटरचा धरला तर तळमजला अधिक सहा मजले झाले की इमारत २० मीटरच्या माडाच्या वर जाते. तोपर्यंत ती झावळ्यांच्या आड लपते. म्हणजे गावाची रेषा हळूहळू बदलत नाही. सहाव्या मजल्यापर्यंत काहीच कळत नाही आणि सातव्याला एकदम सगळं दिसतं.

रात्रीची रेषा दिव्यांची असते, तीही बदलतेय. वायंगणीसारख्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. पिल्लं बाहेर पडली की ती उजेडाच्या दिशेने, म्हणजे निसर्गतः समुद्राकडे धावतात. किनाऱ्यामागे हॉटेलांचे झगझगीत दिवे असतील तर ती उलट दिशेला जातात.

उंच इमारती वाईटच का?

नाही, असं सरसकट म्हणता येणार नाही. दोन्ही बाजू बघू.

उंच बांधलं की जमीन वाचते. शंभर कुटुंबांना शंभर बंगले द्यायचे तर सडे फोडावे लागतात, डोंगर कापावे लागतात, बागा तोडाव्या लागतात. तीच कुटुंबं दोन इमारतींत राहू शकतात. नोकरीसाठी कुडाळला राहणाऱ्या शिक्षकाला किंवा नर्सला परवडणारी दोन खोल्यांची जागा हवी असते, तिथे चिरेबंदी वाडा कामाचा नाही.

पण राष्ट्रीय इमारत संहितेनुसार १५ मीटर किंवा त्याहून उंच इमारत 'हायराइज' ठरते. तिला आग विझवण्याची यंत्रणा, लिफ्टला अखंड वीज, मे महिन्यातही पुरेल एवढं पाणी आणि सांडपाण्याची सोय लागते. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आलं तेव्हा किनाऱ्यावरच्या कितीतरी गावांची वीज दिवसेंदिवस गेली होती. बैठ्या घरात माणूस विहिरीवरून पाणी आणतो. सातव्या मजल्यावर काय करणार? त्यामुळे इमारत किती मजली हवी यापेक्षा गावाची यंत्रणा किती मजल्यांची आहे, हा प्रश्न आधी यायला हवा.

दुसऱ्यांनी काय केलं?

बाली: इंडोनेशियातल्या या बेटावर सानूरला १९६६ मध्ये दहा मजली हॉटेल उभं राहिलं. ते लोकांना इतकं खटकलं, की त्यानंतर इमारतींना १५ मीटरची मर्यादा आली. तिथे ती 'माडाएवढी उंची' म्हणूनच ओळखली जाते.

पणजी: जुन्या पणजीची ओळख म्हणजे टेकडीच्या उतारावरचं पांढरं चर्च आणि मांडवी नदी. जानेवारी २०१९ मध्ये मांडवीवर अटल सेतू सुरू झाला आणि केबलांनी तोललेला हा पूल शहराच्या फोटोतली सर्वात ठळक रेघ बनला. रेषा फक्त इमारतींमुळे बदलत नाही, हे यातून दिसतं.

लिव्हरपूल आणि ड्रेस्डेन: ही दोन उदाहरणं मालवणसाठी सर्वात महत्त्वाची. जर्मनीतल्या ड्रेस्डेनचं एल्ब नदीचं खोरं २००४ मध्ये जागतिक वारसा यादीत आलं. तिथे नदीवर चौपदरी पूल बांधायला घेतला म्हणून २००९ मध्ये युनेस्कोने ते यादीतून काढलं. इंग्लंडच्या लिव्हरपूलचं बंदरही २००४ मध्येच यादीत आलं होतं. किनाऱ्यावरच्या नव्या बांधकामांमुळे २०२१ मध्ये तेही वगळलं गेलं.

जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारसा दर्जा मिळाला. त्यातले सिंधुदुर्ग आणि विजयदुर्ग हे दोन आपल्या जिल्ह्यातले. केंद्राच्या पुरातत्त्व कायद्यानुसार संरक्षित वास्तूपासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला बंदी असते आणि पुढच्या २०० मीटरपर्यंत परवानगी लागते. पण सिंधुदुर्ग समुद्रात आहे. हे ३०० मीटर बहुतांशी पाण्यातच संपतात. किल्ल्यावरून मालवणकडे बघितल्यावर जे दिसतं, ते या नियमाच्या बाहेर राहतं.

तुम्ही काय करू शकता?

शहराची विकास योजना करताना महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार आधी मसुदा प्रसिद्ध करावा लागतो आणि ठरलेल्या मुदतीत कुणीही नागरिक लेखी हरकत किंवा सूचना देऊ शकतो. सीआरझेडच्या नकाशांच्या मसुद्यावरही जनसुनावणी होते. चाकरमान्यांनाही हा हक्क आहे. जाहिरात पेपरात येते, पालिकेच्या फलकावर लागते आणि बहुतेकांना ती मुदत संपल्यावर कळते. त्यामुळे आपल्या नगरपालिकेत किंवा नगरपंचायतीत जाऊन सध्या कुठला नकाशा लागू आहे, हे एकदा विचारून ठेवा. आपला प्लॉट कुठल्या सीआरझेडमध्ये येतो हेही तिथेच विचारा, व्हॉट्सॲपवर आलेल्या नकाशावर विसंबू नका.

हरकत घेताना 'गावाचं सौंदर्य बिघडेल' एवढंच लिहून उपयोग होत नाही. कुठल्या जागेवरून कुठलं दृश्य अडतं, ते लिहावं. जेटीवरून किल्ला, तलावाच्या काठावरून राजवाडा, बंदरातून दीपगृह. अशा चार-पाच जागा ठरवून मॅडिसनसारखी मर्यादा मागता येते. बाकी गाव हवं तसं वाढू शकतं.

आणि फोन तर हातात आहेच. पुढच्या वेळी किल्ल्यावर गेलात, तर तटावर उभं राहून मालवणचा एक फोटो काढा. रील नाही, साधा आडवा फोटो, तारखेसह. पुढच्या वर्षी त्याच जागेवरून पुन्हा काढा. पाच वर्षांनी ते पाच फोटो शेजारी ठेवलेत, तर माडांच्या वर काय काय आलं ते कुणी सांगायची गरज उरणार नाही आणि हरकतीच्या अर्जाला जोडायला पुरावाही तयार असेल.